आज भरती केव्हा? : इयत्ता ६ वी ते ८ वीस समुद्र शिकविताना



खाडीकाठच्या एका शाळेत सातवीचा भूगोलाचा पाठ पाहण्याचा योग मला मध्यंतरी आला. विषय भरती-ओहोटीचा होता. फळ्यावर आकृती रेखीव होती. पृथ्वी, चंद्र, सूर्य, सारे आपापल्या जागी होते. गुरुजींनी विचारले, ‘‘भरती-ओहोटी कशामुळे होते?’’ वर्गाने एका सुरात उत्तर दिले, ‘‘चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणामुळे.’’ पाठ येथे संपला असता. मी मागच्या बाकावरून एवढेच विचारले, ‘‘आज भरती केव्हा?’’ वर्ग एकदम गप्प झाला. खिडकीतून खाडी दिसत होती, तरी कोणास सांगता येईना. शेवटी कोळीवाड्यातील एक मुलगी, जिने मघाच्या समूहस्वरात तोंड उघडले नव्हते, ती बसल्या जागेवरून म्हणाली, ‘‘साडेचारला, साहेब. आज सट आहे.’’

गुरुजींनी मला नंतर सांगितले की, ही मुलगी अभ्यासात मागे आहे. मी त्यांस विचारले की, तिने साडेचार हा आकडा कोठून काढला असेल? त्यांस सांगता आले नाही. त्यांचा दोष मी मानत नाही. कारण ज्या प्रश्नापाशी ते अडले, त्याच प्रश्नापाशी मी स्वतः एकदा फार वाईट रीतीने अडलो होतो. ती हकीकत पुढे येईलच. प्रथम त्या मुलीचा हिशेब पाहू.

आपल्या उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर, म्हणजे मुंबई-अलिबागच्या बाजूस, कोळी बांधव भरतीची वेळ घड्याळावर नव्हे तर तिथीवर काढतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. दुपारी साडेचारला व पहाटे साडेचारला भरती. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता. पौर्णिमा वा अमावास्या झाली की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून सुरू. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पाऊणकीचा पाढा येणाऱ्या कोणासही हा हिशेब तोंडी करता येतो, आणि पाऊणकीचा पाढा आता मुलांस कशाला, असे विचारणाऱ्यांस याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

हा नियम केवळ अंदाजाचा नाही. त्याच्या पोटात खगोलशास्त्र आहे, आणि आठवीच्या वर्गास ते सहज उलगडून दाखविता येते. सूर्य व चंद्र यांमधील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. ही पंचांगाची व्याख्याच आहे. पृथ्वीस स्वतःभोवती एक अंश फिरावयास ४ मिनिटे लागतात. काल चंद्र ज्या वेळी आपल्या माथ्यावर होता, त्या वेळी आज तो १२ अंश पुढे सरकलेला असतो. त्यास पुन्हा माथ्यावर आणावयास पृथ्वीला १२ गुणिले ४, म्हणजे ४८ मिनिटे जास्त फिरावे लागते. म्हणून भरती रोज सरासरी ४८ ते ५० मिनिटांनी उशिरा येते. जुन्या मापात ४८ मिनिटे म्हणजे बरोबर दोन घटका. कोळ्यांनी ४८ मिनिटांचा पाऊण तास केला एवढेच. प्रत्येक तिथीमागे ३ मिनिटे सुटतात, त्यामुळे पक्षाच्या अखेरीस हिशेब पाऊण तासाने मागे पडतो. अष्टमीच्या आसपास निसर्गाचीही थोडी मागेपुढे चाल असते. तरीही होडी पाण्यात लोटावयास हा हिशेब पुरेसा ठरत आला आहे. अचूक वेळ व उंची पाहिजे असेल तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरांची भरती-कोष्टके प्रसिद्ध करतो, ती पाहावीत.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. अमावास्येस दुपारी चंद्र माथ्यावर असतो व आपल्याकडे भरतीही दुपारी बाराच्या सुमारास येते. यावरून मुले असे अनुमान काढतात की, चंद्र डोक्यावर आला की भरती आलीच पाहिजे. हे सर्वत्र खरे नाही. समुद्राचे पाणी चंद्रामागे मोकळेपणी धावू शकत नाही. वाटेत खंडे आहेत, उथळ तळ आहेत, आखाते आहेत. भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. रत्नागिरीस ती मुंबईच्या आधी पोहोचते, आणि खंभातच्या आखातात आत शिरता शिरता तिला मुंबईहून काही तास उशीर होतो. म्हणून पाऊणपटीचा नियम जसाच्या तसा दुसऱ्या जिल्ह्यातील शिक्षकांस देऊ नये; त्यांनी आपल्या बंदरावरची अमावास्येची भरतीची वेळ पाहून, तेथून पुढे दोन-दोन घटका वाढवीत जावे.

आता पुस्तकातील त्या वाक्याकडे वळू. ‘चंद्राच्या आकर्षणामुळे भरती येते’ हे वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. आणि जे मूल खरोखर विचार करते त्यास ते फसवे वाटते. चंद्र पाणी ओढतो तर चंद्राकडील बाजूसच भरती यावी. पलीकडच्या बाजूस त्याच वेळी भरती का? दिवसातून दोनदा भरती का? हा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारलाच तर पुष्कळदा ‘केंद्रोत्सारी बल’ असे म्हणून आपण पुढे जातो. शब्द भारदस्त आहे, मूल गप्प बसते; परंतु त्यास काही कळले असे नव्हे.

मी मैदानात एक खेळ घेतो. तीन विद्यार्थी एका ओळीत, एकमेकांपासून पाच-पाच पावलांवर उभे करावेत. तिघांची तोंडे एकाच दिशेस, त्या दिशेस एक चौथा विद्यार्थी, तो चंद्र. पुढचा विद्यार्थी म्हणजे चंद्राकडील पाणी, मधला म्हणजे पृथ्वीचा गाभा, मागचा म्हणजे पलीकडील पाणी. जो चंद्राच्या जवळ त्यावर ओढ अधिक, जो दूर त्यावर कमी. मी टाळी वाजविताच पुढच्याने तीन पावले पुढे जावे, मधल्याने दोन, मागच्याने एक. आता अंतरे मोजावयास सांगावीत. पुढचा व मधला यांत सहा पावले, मधला व मागचा यांतही सहा पावले. तिघेही चंद्राकडेच गेले, मागे कोणीच गेले नाही. तरीही मधल्याच्या दृष्टीने एक पुढे दूर गेला व एक मागे दूर राहिला. दोन बाजूंस दोन फुगवटे येतात ते असे. चंद्राच्या ओढीमुळे नव्हे, तर ओढीतील फरकामुळे भरती येते. हा फरक लहान आहे. पृथ्वीच्या चंद्राकडील टोकास चंद्राची ओढ पलीकडील टोकापेक्षा सुमारे ७ टक्क्यांनीच अधिक असते. पण महासागर हलविण्यास तेवढा पुरतो. ‘मग पृथ्वी चंद्रावर जाऊन आदळत का नाही?’ असे कोणी विचारील. विचारावेच. पृथ्वी व चंद्र दोघेही एका सामाईक केंद्राभोवती सतत फिरत आहेत, त्यामुळे अंतर मिटत नाही, एवढे उत्तर या वयास पुरे.

हाच खेळ सूर्याचेही कोडे सोडवितो. सूर्य पृथ्वीस चंद्रापेक्षा सुमारे १८० पट अधिक जोराने ओढतो. मग भरतीचा मान चंद्रास का? कारण सूर्य चंद्राहून सुमारे ३९० पट दूर आहे. एवढ्या अंतरावरून पृथ्वीचे अलीकडचे टोक काय नि पलीकडचे काय, त्यास जवळजवळ सारखेच. ओढ मोठी, पण फरक लहान. म्हणून सूर्याची भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहून थोडी कमी भरते. अमावास्या-पौर्णिमेस दोन्ही फुगवटे एका रेषेत येतात व उधाण होते. अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांस काटकोनात पडतात व भांगाची भरती येते. प्रत्यक्ष किनाऱ्यावर सर्वांत मोठे उधाण पौर्णिमेच्याच दिवशी न येता एक-दोन दिवसांनी येते, हे कोळीवाड्यातील मुले सांगतील. त्यांचेच बरोबर असते. जड पाण्यास हालचाल धरावयास वेळ लागतो.

आता माझी हकीकत. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी डोंगराकडील एका शाळेवर होतो. आमच्या मुलांनी समुद्र पाहिला नव्हता. अलिबागला सहल न्यावयाचे ठरले. कुलाबा किल्ल्यास ओहोटीच्या वेळी चालत जाता येते हे मला ऐकून ठाऊक होते. आम्ही सकाळी साडेआठच्या सुमारास पोहोचलो तो पाणी दूर गेलेले, खडक उघडे पडलेले, घोट्यापर्यंत पाण्यातून मुले नाचत किल्ल्यात गेली. वाटेत एका कोळीणबाईने हटकले, ‘‘गुरुजी, आज तीज आहे. दहाच्या आत मागे फिरा.’’ मी मान डोलावली आणि विसरलो. किल्ल्यातील गणपतीचे देऊळ पाहिले, गोड्या पाण्याचा तलाव पाहिला, समुद्राच्या पोटात गोडे पाणी कसे यावर मी एक लहानसे व्याख्यानही दिले. शिदोऱ्या सोडल्या. अकरा वाजून गेल्यावर दरवाजाशी आलो तेव्हा येताना जेथे खडक होते तेथे पाणी होते, आणि ते एका बाजूने वाहत होते. दोन धीट मुले ‘‘चालत जाऊ, गुरुजी’’ म्हणत उतरलीही. त्यांपैकी एक छातीपर्यंत पाण्यात गेला व त्याचे पाय सुटले. सुदैवाने मागच्याने त्याचा सदरा धरला. त्यानंतर आम्ही सारे किल्ल्याच्या पायरीशी दिवे लागण्याच्या सुमारापर्यंत बसून राहिलो. तृतीयेची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला भरती, म्हणजे पूर्ण ओहोटी सव्वाआठच्या सुमारास. आम्ही पोहोचलो तेव्हाच पाणी वळलेले होते. भरती-ओहोटीचा पाठ मी त्याच वर्षी शिकविला होता, आणि तपासणीत त्याबद्दल शेराही चांगला मिळाला होता.

अशा अनुभवाचा शेवट प्रत्येक वेळी पायरीवर बसून राहण्याने होत नाही. २०१६ सालच्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. ती तरुण, शिकलेली मुले होती. यास्तव माझी विनंती आहे की, सहलीचा अर्ज लिहिण्यापूर्वी त्या दिवसाची तिथी पाहावी व पाऊणपटीचा हिशेब विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावा. किनाऱ्यावर पोहोचल्यावर तेथील कोळी बांधवांकडून तो ताडून पाहावा. पाणी उतरत असताना मुलांस गुडघ्यापलीकडे जाऊ देऊ नये, कारण उतरते पाणी समुद्राकडे ओढते. हे मुलांस केवळ आज्ञा म्हणून सांगू नये. ज्याने स्वतः हिशेब मांडला आहे ते मूल आपोआप घड्याळाकडे पाहते.

भरतीचा पाठ शेतीशीही जोडता येतो. पेण-अलिबागकडील खारेपाटातील मुलांची भातशेते समुद्रसपाटीच्या इतकी लगत आहेत की, उधाणाचे पाणी बांधापलीकडे शेताच्या वर उभे असते. बांधास खांड पडली तर खारे पाणी शिरते आणि ती जमीन पुन्हा पिकावयास काही पावसाळे जावे लागतात. बांधातील उघाडी ओहोटीस पावसाचे पाणी बाहेर सोडते व भरतीस बंद होते; एवढे साधे यंत्र पाहावयास मुलांस अवश्य न्यावे. मुसळधार पाऊस व उधाण एकाच वेळी आले म्हणजे पाण्यास बाहेर जावयास वाट राहत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भरतीने नाल्यांची तोंडे अडली आणि पाणी शहरातच तुंबले. आषाढातील कोणत्या तिथींस आपल्या बांधावर डोळा ठेवावा, हे सातवीच्या मुलास सांगता आले पाहिजे.

रोजचा समुद्र ज्यास ठाऊक आहे त्यासच वेगळा समुद्र ओळखता येतो. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राच्या पश्चिमेस समुद्रतळाखाली ९.१ परिमाणाचा भूकंप झाला. त्यातून उठलेल्या त्सुनामी लाटांनी हिंदी महासागराच्या काठी दोन लाखांहून अधिक माणसे नेली. आपल्या तामिळनाडूच्या व अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर हाहाकार झाला. त्या सकाळी थायलंडमधील फुकेत बेटाच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी आईवडिलांसह फिरत होती. पाण्यास फेस येत होता, ते नेहमीप्रमाणे आत-बाहेर होत नव्हते. दोनच आठवड्यांपूर्वी तिच्या शाळेत भूगोलाच्या तासास त्सुनामीचा पाठ झाला होता. तिने ती चिन्हे ओळखली, आरडाओरडा केला, आईवडिलांस पटविले. पहारेकऱ्याने किनारा रिकामा केला आणि सुमारे शंभर माणसे वाचली. भूगोलाचा एक तास एवढे करू शकतो, हे मला त्या दिवसापूर्वी कोणी सांगितले असते तर मी ते अतिशयोक्ती मानले असते.

हे पूर्व किनाऱ्याचे संकट, आपणास त्याचे काय, असे समजू नये. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरानच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला व त्याच्या लाटा अरबी समुद्र ओलांडून मुंबईपर्यंत आल्या. तेथेही माणसे दगावली. हैदराबाद येथील राष्ट्रीय केंद्रातून २००७ सालापासून त्सुनामीची पूर्वसूचना दिली जाते, ही समाधानाची गोष्ट आहे. पण पाणी वेळापत्रक सोडून एकाएकी खोल मागे हटले, तर सूचनेची वाट न पाहता उंच जागी पळावे, हे मुलांच्या मनावर ठसले पाहिजे. ‘वेळापत्रक सोडून’ हे त्यास तेव्हाच कळेल, जेव्हा वेळापत्रक ठाऊक असेल.

आता प्रत्यक्ष काय करावे. खाडीकाठच्या शाळांनी धक्क्याजवळ, वडीलधाऱ्या कोळी गृहस्थाच्या सल्ल्याने, एक वासा रोवावा आणि त्यावर हातभर अंतरावर रंगाचे पट्टे ओढावेत. एका अमावास्येपासून पुढील अमावास्येपर्यंत मुलांनी पाळीपाळीने दुपारच्या सुटीत व शाळा सुटताना पाणी कोणत्या पट्ट्यास आहे ते वहीत लिहावे. पुढे तिथी, तिच्यापुढे पाऊणपट, तिच्यापुढे प्रत्यक्ष पाहिलेले. चुका होतील, रविवार राहून जाईल. रकाना रिकामा राहिला तरी चालेल, पण घरी बसून भरू नये, एवढी शिस्त मात्र कडक ठेवावी. महिनाअखेर चौकटीच्या कागदावर आलेख काढला की उधाण व भांग दोन्ही कोणी न सांगता दिसतात. या वहीस काही खर्च नाही. मुंबईस अपोलो बंदरावर अशीच नोंद १८७८ सालापासून यंत्राने होत आली आहे, आणि समुद्राची पातळी हळूहळू वाढते आहे हे ज्या जुन्या नोंदींवरून शास्त्रज्ञांस दिसते त्यांत तिची गणना होते, हे मुलांस आवर्जून सांगावे. आपण काही निराळे करीत नाही, याचा त्यांस आनंद वाटतो.

डोंगराकडील शाळांस वासा रोवता येणार नाही. त्यांनी चंद्राची वही ठेवावी. शाळेच्या अंगणातून संध्याकाळी सहा वाजता चंद्र कोठे आहे, एवढेच रोज टिपावे. शुक्ल पक्षातील आठ-दहा दिवस पुरेत. तो रोज पूर्वेकडे सुमारे १२ अंश, म्हणजे ताठ धरलेल्या हाताच्या मुठीहून थोडा अधिक, सरकलेला दिसतो. मग त्यांस म्हणावे, आता अलिबागची भरती सांगा. पन्नास-साठ किलोमीटरांवरचे न पाहिलेले पाणी आपल्या अंगणातून सांगता येते, या गोष्टीचे आश्चर्य त्यांच्या चेहऱ्यावर पाहण्यासारखे असते.

खडकांविषयी थोडे. ओहोटीस उघडा पडणारा काळा कातळ व डोंगराकडील शाळेमागचा काळा दगड एकच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचा. दोन्हीकडचे खडे शेजारी ठेवून दाखवावेत. जास्त व्याख्यान नको. जिज्ञासू वर्ग असेल तर एक गोष्ट मात्र जरूर सांगावी. भरतीच्या घर्षणाने पृथ्वीचे फिरणे अतिशय मंदावत आहे व चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जात आहे; १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर प्रकाशकिरण सोडून हे मोजले गेले. प्रवाळ रोज एक बारीक थर वाढवितात. जॉन वेल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६३ साली सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवरील या रेघा मोजल्या, तेव्हा एका वर्षात ४०० च्या आसपास भरल्या. म्हणजे त्या काळी वर्ष ४०० दिवसांचे होते आणि दिवस सुमारे २२ तासांचा. भागाकार मुलांकडून करून घ्यावा.

त्या खाडीकाठच्या शाळेत मी महिन्याने पुन्हा गेलो. गुरुजींनी वही दाखविली. पहिल्या पानावरचे अक्षर त्या मुलीचे होते. पाळ्या लावण्याचे काम तिच्याकडे होते, आणि ज्या दोन दिवशी पाणी पाऊणपटीस जुळले नाही तेथे तिने समासात ‘वारा होता’ असे लिहिले होते. ते बरोबर आहे की नाही हे पुढील महिन्याच्या नोंदीवरून पाहू, असे आम्ही ठरविले. ज्या शाळा वही ठेवतील त्यांनी मेअखेर वासा काढून ठेवावा, पावसाळ्यात मुलांस धक्क्यावर पाठवू नये, आणि वही पुढील इयत्तेच्या वर्गशिक्षकांकडे सोपवावी.